विणकर गल्लीतली शांतता

“...मग शहर कळायला याहून वेगळं काय करायचं असतं, महाराज?”

प्रभंजन केसकरच्या स्वरात शंका कमी आणि अभिमान जास्त होता. किल्ले-राजवाडे बघत हिंडणाऱ्यांतला तो नव्हता. नव्या शहरात गेला की साध्या माणसांच्या वस्त्यांतून पायी फिरायचा. मग त्यावर व्याख्यानं द्यायचा. सभागृहं भरायची, लोकांचे डोळे भरून यायचे.

या शहरात त्याला कुणी तरी चंद्रगिरी महाराजांचं नाव सांगितलं. गावाबाहेरच्या लहानशा मठात राहणारा म्हातारा गोसावी, बोलणं मोजकं. प्रभंजन तिथंच मुक्कामाला राहिला. आपल्या पायपिटीला या माणसानं एकदा मान डोलवावी, एवढंच त्याला हवं होतं.

महाराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “आज कुठं गेला होतास?”

“विणकर गल्लीत.”

“काय बघितलंस?”

प्रभंजन खुलला. मांडी सावरून बसला.

“एका घरी मयत झालं होतं, महाराज. आणि त्या गल्लीची रीत काय सांगू! एका घराचं दार उघडं नाही. रस्त्यावर पोर नाही. गेलेल्या माणसाचा एवढा मान मी कुठंच पाहिला नाही. बंद दारांमागून मागांचा आवाज तेवढा येत होता... गल्लीचं काळीजच चाललंय जणू.”

“माग चालू होते?”

“हो. घरोघर.”

महाराजांनी एक शेंग फोडली.

“आणि मयताच्या घरी?”

“तिरडी बांधून तयार होती. ओट्यावर तीन माणसं बसलेली. एकसारखी रस्त्याकडे बघत होती. ते बघणं कधी विसरणार नाही मी. कितीतरी वेळ कोपऱ्यावर उभा होतो. त्यातला एक जण तर मला बघून उठलासुद्धा. दोन पावलं पुढं आला.”

“मग?”

“मी लांबूनच हात जोडले आणि निघालो. दुसऱ्याच्या दुःखात परक्यानं कशाला शिरायचं?”

महाराजांचे हात थांबले.

“किती माणसं म्हणालास?”

“तीन.”

“तीन...” महाराज म्हणाले.

प्रभंजन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. लावलेली दारं, ओट्यावरची ती माणसं, उठून पुढं आलेला तो माणूस... सकाळी सुंदर दिसलेलं सगळं आता त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच उभं राहायला लागलं.

महाराजांनी काठी घेतली, वहाणा पायात सरकवल्या. “चल.”

दोघं पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. गल्लीतली दारं आता सताड उघडी होती. पोरं गोट्या खेळत होती, कुणाच्या घरी फोडणीचा वास सुटला होता. त्या एका ओट्यावर मात्र एक म्हातारी बाई बादलीतलं पाणी ओतून फरशी धूत होती. तुळसाबाई तिचं नाव. गेला तो तिचा नवरा.

तिनं मान वर केली. महाराजांना नमस्कार केला. मग प्रभंजनकडे बघितलं.

“सकाळी कोपऱ्यावर तुम्हीच होता ना?”

“हो...”

“आम्हाला वाटलं, खांदा द्यायला आलात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रभंजनला बरं वाटलं असतं.

“लेकीनं जातीबाहेर लग्न केलं,” ती महाराजांना सांगू लागली. “यांनी तिला घरात घेतलं. तेव्हापासून गल्लीनं आम्हाला वाळीत टाकलंय. जावई होता, माझा भाऊ होता, जावयाचा एक दोस्त आला होता. चौथा मिळेना. जावई म्हणाला, ते बघा, कुणीतरी थांबलंय आपल्यासाठी. उठून गेला बिचारा... तर या पाहुण्यांनी हात जोडले.”

“मला ठाऊक नव्हतं, बाई,” प्रभंजन म्हणाला.

“आम्ही कुठं सांगितलं तुम्हाला?”

ती पुन्हा पाणी ओतू लागली.

“मग... कसं नेलंत?” त्यानं विचारलं. न विचारता राहवेना.

“हातगाडीवरून. सुताचे गठ्ठे वाहायची, त्यांचीच गाडी. दोरीनं बांधलं. चढाला मी मागून लोटली.”

प्रभंजननं बादलीला हात घातला, तर तुळसाबाईनं ती अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

“राहू द्या. झालंच माझं.”

दोघं परत फिरले. गल्ली संपून चढ लागला. महाराजांना धाप लागली, ते काठीवर भार टाकून उभे राहिले.

प्रभंजन लगबगीनं पुढं झाला. त्याचे डोळे भरले होते. तो वाकून त्यांच्या शेजारी उभा राहिला.

“दमलात, महाराज. माझ्या खांद्यावर हात ठेवा.”

महाराजांनी त्या खांद्याकडे बघितलं... बराच वेळ बघितलं. मग काठी दुसऱ्या हातात घेतली.

“राहू दे. हा खांदा ज्याला हवा होता, तो गेला.”