राजाला अक्षत नाही!

"ऐका हो ऐका! सकळ प्रजेचे मायबाप भानुसेन महाराज सांगतात, यापुढे गावात कुणाचंही लग्न निघालं, तर पहिली अक्षत महाराजांना! आणि गणपतीचा पहिला मान जो चुकवेल, तो गावाबाहेर! दोन्ही जमेल त्यानेच मांडव घालावा होऽऽ!"

झालं! सोनवडीतली चार लग्नं एका दवंडीत अडली.

राजा रुसला होता, अगदी वरमाय रुसते तसा. सुताराच्या घरचं आमंत्रण त्याला सगळ्यांत शेवटी गेलं होतं, आणि जेवताना पानात पडली होती जिलबीची चुरी. सुताराकडच्या वडीलधाऱ्यांनी म्हणे ठरवलं होतं, "महाराजांकडे सावकाश जाऊ, घाई बरी दिसत नाही." वडीलधारे ठरवून मोकळे होतात, भोगतात भलतेच!

सोनाराने युक्ती केली. एक मुलगा देवळात, एक वाड्यावर, शंख वाजताच दोघांनी एकदम अक्षत दिली. राजा म्हणाला, "मग पहिला कोण? कुणीच नाही! चला, निघा!" तेल्याने तर राजालाच देवळात बोलावलं आणि दोन्ही हातांनी एकदम अक्षता टाकल्या. राजाने वाकून वाकून पाहिलं. "गणपतीवर चार दाणे जास्त पडले!"

भिवाजी कासाराच्या घरी सगळे डोक्याला हात लावून बसले होते. त्याच्या राहीचं लग्न सहा दिवसांवर होतं. हा मोसमातला शेवटचा मुहूर्त. तो हुकला की चातुर्मास, मग थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत वाट बघा! आणि निंबगावची वरमाय काही थांबणारी नव्हती. तिने निरोप धाडला होता, "जमत नसेल तर सांगा, दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे."

राहीला तर निंबगावचा महादूच हवा होता. मुलगी बघायला आले, तेव्हा ठकूआत्या म्हणाली होती, "राही, जरा चालून दाखव गं." राहीचा पारा चढलाच होता. तेवढ्यात महादूच उठला. "आधी मी चालून दाखवतो," म्हणाला, आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आला! असा नवरा कुणी दुसरीसाठी सोडतं का?

"नशिबात असेल तर होईल," भिवाजी म्हणाला.

"आपण धीर धरावा," ठकूआत्या म्हणाली.

"धीर तुम्ही धरा, मी ताट धरते," राही म्हणाली आणि कुंकू लावलेल्या अक्षतांचं ताट उचलून उंबऱ्याबाहेर पडली.

"अगं कार्टे! नवरीने स्वतःच्या लग्नाची अक्षत घेऊन हिंडायचं? लोक काय म्हणतील?" आत्या मागून ओरडली.

"म्हणतील, झालं बाई लग्न एकदाचं!"

दरबार भरलेला होता. राहीच्या हातातलं ताट पाहून राजा खुलला. त्याने हात पुढे केला. "आण! पहिली माझी ना?"

"महाराज, जरा हे धरता का?" राहीने अख्खं ताटच त्याच्या हातात दिलं. "हं, आता चला."

"कुठे?"

"देवळात. गणपतीला अक्षत द्यायला."

राजा ताडकन उभा राहिला. "म्हणजे पहिला तो? आणि मी दुसरा?"

"छे! तुम्ही दुसरेही नाही. तुम्हाला अक्षत नाहीच!"

मागून धापा टाकत आलेला भिवाजी खांबाला धरून खालीच बसला.

"मला आमंत्रण नाही?" राजा गरजला. "तुझी ही हिंमत!"

"महाराज, ते बघा माझे बाबा. त्यांना माझ्या लग्नाची अक्षत कुणी दिली? कुणी नाही. आत्याला? तिलाही नाही, आणि एरवी ती कशावरूनही रुसते! घरच्या माणसांना कुणी आमंत्रण देतं का? रोज दवंडीत ऐकते, तुम्ही प्रजेचे मायबाप. ते खरं असेल, तर लग्न तुमच्या घरचं. आणि अक्षतच हवी असेल, तर आत्ता देते. पण मग तुम्ही पाहुणे. उद्यापासून दवंडीतलं 'मायबाप' काढून टाका!"

राजाने मग हळूच विचारलं, "पण माझा पहिला मान?"

"ताट आधी कुणाच्या हातात आलं? तुम्ही दिल्याशिवाय गणपतीला तरी पहिली अक्षत कुठून मिळणार?"

राजाने ताटाकडे पाहिलं, राहीकडे पाहिलं, आणि असा खदखदून हसला की ताटातल्या अक्षता उडाल्या.

"सांडू नका हो," राही म्हणाली, "अख्खं गाव बोलवायचंय!"

राजा स्वतः देवळात गेला. परत येताच त्याने हुकूम मागे घेतला आणि चारही लग्नांना वाड्यातून तूप-साखर पाठवली. मग खुशीत म्हणाला, "घरचा झालो ना? मग पहिल्या पंगतीत मधला पाट माझा!"

"घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, महाराज. आधी वाढतात!"

सहाव्या दिवशी निंबगावची वरमाय "तूप कमी वाढलं" म्हणून रुसायच्या बेतात होती. मान वर करते तर तुपाचं भांडं हातात घेऊन साक्षात राजा उभा! बाई रुसायचं विसरली. महादू जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला.

शेवटच्या पंगतीला घामाघूम राजा पाटावर टेकला. "आता उरली असेल चुरीच!" तो पुटपुटला.

नव्या चुड्याचे हात पुढे आले. राहीने पानावर जिलबी ठेवली. गरम, अख्खी, ताटाएवढी! "घरच्यांसाठी झाकून ठेवावी लागते, महाराज."

राजा पोट धरून हसला. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून राहीच्या ओंजळीत टाकला आणि तिथूनच ओरडला, "प्रधानजी, लिहून घ्या! यापुढे राजवाड्यात चुडा भरायचा मान हिचा. आणि हिला निरोप धाडताना आमंत्रण म्हणू नका, घरची आहे!"