दसऱ्याचा हार

पाळणाघराला दार एकच आहे, या काळजीने रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी रेणूला सोडताना मी पाळणाघर चालवणाऱ्या खासनीसकाकांना भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरबद्दल भीतभीतच विचारलं.

“तुम्ही आजकालच्या आया फार वाचता बुवा! दर महिन्याला मी स्वतः तो खाली काढून, उलटा करून हलवतो. कार्डावर सह्या बघा.”

सह्या अगदी चालू महिन्यापर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत होत्या. माझंच चुकलं असेल, असं वाटलं. तरी तोंडून निघून गेलं, “काका, मग दसऱ्याचा हा वाळका हार सिलिंडरला दर महिन्याला परत कोण घालतं?”

काका हारासकट सिलिंडर उचलून तपासून घ्यायला निघाले.

रेणूने हात जोडले. “बाप्पा, पुढच्या वर्षी नको, उद्याच या!”