गार झालेला गुलाबी पास्ता

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूंपासून एक वस्तू लपवली. वस्तू क्षुल्लकच, टोमॅटो केचपची बाटली. पण डाळीच्या डब्यांमागे ती अशी दडवली होती, जणू चोरीचा माल. गुरू तिच्या घरी कधी आले नव्हते, तिच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरी बाटली मागे सरकवताना वृंदाने एकदा दाराकडे पाहिलेच.

गुरू म्हणजे वसईचे बस्त्यावकाका. तारुण्याची सगळी वर्षे त्यांनी इटलीत, धर्मगुरूंच्या एका निवासात स्वयंपाक करण्यात घालवली होती. म्हातारपणी ते गावी परतले आणि घराच्या ओट्यावर चार-सहा जणींना तिकडचे पदार्थ शिकवू लागले. शिकवणे प्रेमाचे, शिस्त मात्र कडक. पास्ता उकळताना कुणी पाण्यात तेल ओतले तर ते बोलत नसत, नुसते बघत, आणि तेवढे पुरेसे होई. सॉसमध्ये साखर घालायला त्यांची सक्त मनाई होती. "टोमॅटो आंबट लागतोय म्हणजे तो अजून शिजायचाय," ते म्हणत. "साखर कशाला? जरा धीर धर." केचपचा विषय त्यांच्या ओट्यावर कधी निघालाच नव्हता. देवळात कुणी चपलांचा विषय काढत नाही, तसेच ते.

आणि वृंदा ही त्यांची सर्वांत मन लावून शिकणारी शिष्या. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. जे करायचे ते मोजून-मापून, नीट. मग तिच्या घरात ही बाटली आली कशी?

आली ती सासूबाईंमुळे. सासूबाईंचे नाव मालतीबाई; नवरा श्रीनिवास म्हणे तसे वृंदाही त्यांना आई म्हणे. पावसाळ्याआधी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण जेवणावरची वासनाच उडाली. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. डॉक्टरांनी वृंदाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, "हाड आमच्या हिशेबाने जुळलंय. पण पोटात काही गेलं नाही तर पायात बळ कुठून येणार? अशाच राहिल्या तर अंथरुणातून उठणं कठीण आहे." त्या रात्री वृंदाने आईंना विचारले, "आई, जगातलं काहीही सांगा, मी करून देते. काय खावंसं वाटतंय?"

तिला वाटले होते, आई साटोरी म्हणतील, नाहीतर अळूचे फदफदे. आई थोड्या लाजल्या आणि म्हणाल्या, "तो मॉलमधला गुलाबी पास्ता मिळेल का गं?"

आई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी महिन्यातून एकदा नटूनथटून स्टेशनजवळच्या मॉलमध्ये जात असत. तिथे एक हॉटेल होते, ज्याच्या शाखा गावोगावी आणि चव सगळीकडे एकच. तिथला गुलाबी सॉसचा पास्ता ही त्या चौघींची चैन. पुढे त्यांतल्या नलूताई वारल्या, एक मैत्रीण मुलाकडे बंगळुरूला गेली, एकीचे गुडघे जिना उतरू देईनात, आणि ते हॉटेलही बंद झाले. वृंदाने दूरच्या शाखेतून तो पास्ता डब्यात भरून आणवला. आईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "चांगलाय गं. पण ते नव्हे."

वृंदाला वाटले, प्रवासात बिघडला असेल. आता घरीच करू. आणि मग ती त्या गुलाबी सॉसच्या मागे हात धुऊन लागली. 'हॉटेलसारखा सॉस घरच्या घरी' असे छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ तिने पाहिले. कुणी साय घाला म्हणे, कुणी काजूची पेस्ट, कुणी चीजचे क्यूब, आणि सगळेच केचप. तिने सगळे करून पाहिले. दर वेळी वाफाळती वाटी ट्रेमध्ये ठेवून आईंच्या पलंगाशी नेई, उशा लावून त्यांना टेकवून बसवी, आणि समोर उभी राहून विचारी, "जमलं का आता?" आई दोन घास खात. सुनेचा चेहरा बघून तिसराही खात. मग हळूच म्हणत, "मेहनत केलीस गं बाई. पण ते नव्हे."

शेवटी वृंदा चिडली. नक्कल सोड, अस्सल पदार्थ कर, असे तिने स्वतःला बजावले. काकांनी शिकवला तसा सॉस तिने मंद आचेवर दुपारभर शिजवला. पिकलेले टोमॅटो, ऑलिव्ह तेल, शेवटी ताजी तुळशीसारखी बेझिलची पाने. असा सॉस तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. आईंनी चाखून डोळे गच्च मिटले. "आंबट आहे," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या. वृंदा स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने काकांपुढे सगळे कबूल केले. केचपसुद्धा. आता ते नुसते बघतील, या भीतीने तिने मान खाली घातली होती. काकांनी आईंविषयी, डॉक्टर काय म्हणाले त्याविषयी सगळे विचारून घेतले. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळी येतो. तो हॉटेलातला सॉस करायला घे. आणि ती बाटली बाहेर काढून ठेव."

ते आले, आणि स्वयंपाकघरात न जाता थेट आईंच्या खोलीत जाऊन बसले. वृंदा इकडे कांदा परतत होती आणि तिकडून गप्पांचे आवाज येत होते. मध्येच आई हसल्या. कित्येक दिवसांत तिने ते हसणे ऐकले नव्हते. बऱ्याच वेळाने काका आत आले, पळीने सॉस चाखला आणि बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणखी."

"काका?"

"आणखी घाल. आणि चीजचा क्यूब घाल एक."

वृंदाने घातले. पास्ता शिजला तशी ती सवयीने गॅस बंद करायला गेली. काकांनी तिचा हात अडवला. "शिजू दे. बोटाने चिरडता आला पाहिजे."

"तुम्हीच शिकवलंत ना, दाताखाली लागला पाहिजे म्हणून!"

"माझे दात आहेत अजून. त्यांची कवळी आहे," काका म्हणाले.

सगळे एकत्र झाल्यावर त्यांनी वाटी बाजूला सारली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली मोठी काचेची प्लेट मागितली. सगळा पास्ता तिच्यात ओतला. आतून आईंचा आवाज आला, "झालं का गं?" आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी जेवणाची चौकशी केली होती. वृंदाने लगबगीने प्लेट उचलली, तोच काका म्हणाले, "ठेव खाली."

"अहो, गरम आहे तोवर..."

"ठेव. आधी त्यांना टेबलाशी आण. डॉक्टरांनी खुर्चीत बसायची परवानगी दिली आहे ना?"

"दिलीये. पण उठताना दुखतं त्यांना, म्हणून मीच..." वृंदाचे वाक्य अर्धेच राहिले.

वॉकर धरून, कण्हत, थांबत आई टेबलाशी आल्या. काकांनी प्लेट मधोमध ठेवली आणि तिच्याभोवती चार चमचे मांडले. आणि मग ते आरामात बोलत बसले. वसईतली केळी आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, इथपासून ते इटलीतल्या थंडीत हात कसे फुटतात इथपर्यंत. आईही बोलू लागल्या. वृंदाचा जीव मात्र प्लेटमध्ये अडकला होता. वाफ कमी झाली, मग थांबली. सॉस आळला, वर सायीसारखा पापुद्रा धरू लागला. बाई इतक्या दिवसांनी खायला तयार झाली आहे, आणि हा म्हातारा अन्नाची माती करतोय, असे तिच्या मनात आले. गुरूंविषयी असे मनात यावे याची तिला लाज वाटली, पण आले ते आले.

"काका, मी गरम करून आणते," ती न राहवून उठली.

"बस," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी फार शांतपणे उच्चारला. वृंदा बसली.

एवढ्यात बोलता बोलता आईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी चमच्याने पापुद्रा बाजूला सारला आणि एक घास तोंडात घातला. 'जमलं का?' हा प्रश्न वृंदाच्या ओठांवर आला होता. काकांनी टेबलावरचे बोट किंचित उचलले आणि तो तिथेच राहिला. आई चवीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. "नलू ना, चीजचा भाग आधी आपल्याकडे ओढायची," त्या म्हणाल्या. "वर म्हणायची, मला मेलीला कोलेस्टेरॉल आहे, तुम्ही खा. आणि खायची तीच!" त्या हसल्या, आणखी एक घास घेतला. मग आणखी एक. काका आणि वृंदानेही आपापले चमचे उचलले. नलूताईंच्या धाकट्या सुनेची गोष्ट झाली, एकदा मॉलच्या सरकत्या जिन्यावर चौघी जणी हात धरून उभ्या राहिल्या आणि मागे रांग लागली ती गोष्ट झाली, आणि आईंच्या बाजूने प्लेटचा तळ दिसू लागला.

"हा असाच असायचा," त्या चमच्याने कड खरवडत म्हणाल्या. "गारढोण."

"आई! आणि मी रोज वाफाळता आणत होते."

"गरम कधी खाल्लाय आम्ही? आमचं बोलणं संपेल तेव्हा ना!" मग त्यांचे लक्ष न वापरलेल्या चौथ्या चमच्याकडे गेले. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले. "असू दे तो तिथेच," त्या म्हणाल्या. "श्रीनिवास येईलच आता ऑफिसातून."

श्रीनिवास घरी आला आणि काका निघाले, तेव्हा वृंदा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. मन हलके झाले होते, पण शाळेतली बाई जागी होती. "म्हणजे काका, खुबी गार करण्यात होती," ती म्हणाली. "उद्यापासून मी आधीच करून ठेवते, तासभर आधी."

काका थांबले. "गार करून ठेवू नकोस, पोरी," ते म्हणाले. "गार होईपर्यंत बस. तू त्यांना इतके दिवस जेवायला वाढत होतीस असं तुला वाटतंय. तू त्यांना पेपर तपासायला देत होतीस. रोज नवा पेपर, आणि समोर उभी राहून निकाल विचारायचा. आजारी माणसाने खायचं की तुला मार्क द्यायचे?"

वृंदाने जे खरे सलत होते तेच विचारले. "मग अस्सल चव कुठली, काका? तुम्ही आम्हाला शिकवता ती, की आजची ही?"

"मी राहायचो तिथे शेजारी एक म्हातारी बाई होती," काका म्हणाले. "तिच्या सॉसचा वास गल्लीभर जायचा. मी तिला कृती विचारली. ती म्हणाली, रविवारी ये. गेलो. तिने कृती सांगितलीच नाही. बसवलं, वाढलं, माझ्या आईची चौकशी केली. मी पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. बघून बघून शिकलो. तोच सॉस मी तुम्हाला शिकवतो, कणभर इकडे-तिकडे न करता. आणि इथे आल्यापासून दर वेळी तो चाखतो आणि मनात म्हणतो, चांगला झालाय, पण ते नव्हे." त्यांनी फाटक उघडले. "तुम्ही सगळ्या जणी मला अस्सल समजता. मीही नक्कलच करतो, वृंदा. तू मॉलची केलीस, मी त्या बाईच्या टेबलाची. पातेल्यातलं तेवढं उतरवता येतं. खुर्च्यांवरचं काय करणार? तिथे आपण स्वतः जाऊन बसावं लागतं."

एवढे बोलून ते रस्त्याला लागले. वृंदा फाटकाशी उभी राहिली. आतून श्रीनिवासचा आवाज येत होता, आणि आई त्याला सरकत्या जिन्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.

पुढे आई हळूहळू वॉकरशिवाय चालू लागल्या. एका रविवारी वृंदाने पुन्हा तो दुपारभर शिजणारा सॉस केला, काकांनी शिकवला तसाच. मोठी प्लेट मध्ये ठेवली आणि तिघे भोवती बसले. आई म्हणाल्या, "आंबट आहे," आणि टेबलावर उघड उभ्या असलेल्या बाटलीतून त्यांनी आपल्या बाजूला केचप ओतले. वृंदाने बाटली पुढे सरकवून दिली. मग बंगळुरूच्या मैत्रिणीचा फोन आला, तो सगळ्यांनी मिळून ऐकला, श्रीनिवासने लहानपणी मार खाल्ल्याची एक जुनी भानगड निघाली, आणि सगळे संपले तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

वृंदा रिकामी प्लेट घासायला उभी राहिली. नळ सोडला आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की, सॉस कसा झाला होता हे विचारायचे आज राहूनच गेले.