नगारची आणि तडकलेल्या मडक्यांची बाग

कोणे एके काळी, तुमच्या-आमच्या खापरपणजोबांच्याही आधी, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. पाऊस भरपूर, माती काळीभोर, त्यामुळे काठी रोवली तरी तिला पान फुटायचं. पण तिथली माणसं मोठी विचित्र. ती कशालाच चांगलं म्हणायची नाहीत. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते आणि दृष्ट लागली की ती वस्तू सुकते, मोडते नाहीतर मरते, असं त्यांना लहानपणापासून पढवलेलं. म्हणून काही देखणं समोर आलं की माणसं एकदाच बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि मान खाली घालून पुढे चालू लागायची. याला ती सभ्यपणा म्हणत असत.

या नगरात एक नगारची राहायचा. वेशीवरच्या नगारखान्यात रोज पहाटे नगारा वाजवणं हे त्याचं काम. चाळीस वर्षं त्याने अख्ख्या नगराला उठवलं, पण स्वतः सकाळ म्हणून पाहिली नाही. सगळं आवरून खाली उतरेपर्यंत ऊन चांगलं तापलेलं असायचं. पुढे हात थरथरू लागले, तेव्हा राजाने शेला-पागोटं देऊन त्याला घरी बसवलं. घरी बसवलं म्हणजे बायकोच्या पायांत बसवलं म्हणा ना. दोन दिवस तो चुलीपुढे लुडबुडला. तिसऱ्या दिवशी बायकोने त्याला सांगून टाकलं, की जरा पाय मोकळे करून या आणि भाकऱ्या होईस्तोवर घरात दिसू नका.

तो निघाला, आणि कुंभारआळीच्या वळणावर येऊन थबकलाच.

तिथे तानूबाई नावाची कुंभारीण एकटी राहायची. भाजताना तडकलेलं मडकं कुणी विकत घेत नाही. तानूबाईने अशी मडकी कधी फेकली नव्हती. माती भरून तिने त्यांत झाडं लावली होती, आणि वीस वर्षांत घरापासून रस्त्यापर्यंत सगळी जागा हिरवी झाली होती. बशीएवढी लाल जास्वंद भर रस्त्यात जीभ काढून उभी होती. कुंपणावर गोकर्ण चढली होती, निळी म्हणजे किती निळी, ते सांगायला नगारच्याजवळ शब्दच नव्हता. अळवाच्या पानांवर पावसाचे टपोरे थेंब इकडून तिकडे घरंगळत होते आणि पान मात्र कोरडं ठणठणीत. मागे केळीचं जांभळं केळफूल लोंबत होतं आणि त्याला एक चिमुकला शिंजीर पक्षी उलटा लटकून मध पीत होता. आणि सोनटक्का! पांढराशुभ्र, इतका नाजूक की श्वास लागला तरी दुखेल असं वाटावं.

नगारची सभ्यपणा विसरला. चांगला घटकाभर तो तिथे डोळे फाडून उभा राहिला. येणारे-जाणारे खाकरले, एकाने तर त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे तो ओठ मिटून हलला.

त्या दिवसापासून त्याला नादच लागला. कुठली कळी उद्या उमलणार, कुठल्या कर्दळीला नवं पान आलं, सगळं त्याला पाठ झालं. घरी येऊन बायकोला सांगावंसं फार वाटायचं. पण सांगणार कसं? शब्द घशाशी यायचे आणि तो ते पाण्याबरोबर गिळून टाकायचा.

एके दिवशी सकाळी तो वळणावर आला, तर एक परका कुंभार दोरी घेऊन बागेची लांबी-रुंदी मोजत होता. तानूबाई पायरीवर बसली होती आणि झाडांना पाणी घातलेलं नव्हतं. नगारच्याने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, की उद्या ती बहिणीच्या गावी चालली आहे, कायमची. जागा या पाव्हण्याला दिली आहे. तो झाडं उपटून ओहोळात टाकणार आणि तिथे मडकी भाजायचा आवा रचणार.

"पण का, तानूबाई?"

"कुणासाठी राहू?" ती म्हणाली. "वीस वर्षं पाणी घालतेय. माणसं येतात आणि मान खाली घालून जातात. दृष्टीला भिऊन बोलत नाहीत, ते मलाही कळतं हो. पण आवडलं म्हणून गप्प बसलेला आणि आवडलंच नाही म्हणून गप्प बसलेला, दोघं मला इथून सारखेच दिसतात."

नगारची घराकडे निघाला. तरुणपणी त्याने आपल्या बैलाला एकदा तोंड भरून राजबिंडा म्हटलं होतं आणि त्याच महिन्यात बैलाला साप चावला होता. आता तोंड उघडलं आणि झाडं सुकली, तर अख्खं गाव त्याला वाळीत टाकेल. नाही उघडलं तर उद्या या वळणावर बागच नसेल. तो अर्ध्या वाटेपर्यंत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला.

पाणवठ्यावर जाणाऱ्या बायका नेमक्या तेव्हाच वळणावर आल्या होत्या. नगारच्याला हळू बोलायची सवयच नव्हती. त्याने घसा साफ केला.

"तानूबाई, तुमची जास्वंद सुंदर आहे."

बायका जागच्या जागी थिजल्या. एकीने तर कडेवरच्या लेकराचे कान झाकले. पण नगारच्याचं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. तो गोकर्णीविषयी बोलला, अळवाविषयी बोलला, केळफुलावरच्या शिंजिराविषयी बोलला. इतक्या दिवसांत साठलेलं सगळं बाहेर आलं, वेडंवाकडं आणि घामाघूम होत. तानूबाई खाली मान घालून ऐकत होती. तो थांबला तेव्हा ती हळूच म्हणाली, "सोनटक्क्याचं काही नाही बोललात."

"त्याचा वास वळणाच्या अलीकडेच येतो," नगारची म्हणाली. "म्हणून मी तिथूनच हळू चालतो. वाट लवकर सरू नये म्हणून."

तानूबाईने पदराने डोळे पुसले, आणि उठून तिने पाव्हण्याला दोरी गुंडाळायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी तिच्या दारात गोळा झाली. काल कौतुक केलेली जास्वंदीची सगळी फुलं मिटून, सुकून खाली पडली होती. पाहा, लागली की नाही दृष्ट, असं जो तो म्हणू लागला. नगारची गर्दीत मागे सरकला. एवढ्यात तानूबाई झाडू घेऊन बाहेर आली.

"जास्वंदीचं फूल एका दिवसाचंच असतं," ती म्हणाली. "सुकलेली फुलं मी वीस वर्षं रोज झाडतेय. तुम्ही दुसऱ्यांदा वळून बघितलंच नाहीत, तर तुम्हाला कळणार कसं?"

लोकांनी मान वर केली. झाडावर कालच्याहून जास्त फुलं होती. मग कडेवर लेकरू असलेली ती बाई पुढे झाली आणि पायरीजवळच्या मडक्यातल्या अबोलीला हात न लावता म्हणाली, की हा रंग तिला पहिल्यापासून आवडायचा. तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरा. तानूबाई कुठेही गेली नाही. पाव्हण्याचा आवा ओहोळापलीकडे रचला गेला.

नगारची तडक घरी आला. बायको चुलीपुढे बसली होती, तव्यावर भाकरी होती. तो दारातच उभा राहिला. पुढचं बोलणं त्याला जास्वंदीपेक्षा शंभरपट अवघड गेलं.

"अगं," तो म्हणाला, "तू भाकरी थापतेस ना, तेव्हा फार सुरेख दिसतेस. लग्नाच्या दिवसापासून सांगायचं होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. बघता बघता तव्यावरची भाकरी करपली. इतक्या वर्षांच्या संसारात तिची ती पहिली करपलेली भाकरी.

"घ्या, लागली तुमची दृष्ट," ती म्हणाली, आणि पोट धरून हसली. नगारच्याने ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: जे मनापासून आवडतं ते वेळेवर बोलून दाखवावं, कारण कौतुकाने काही सुकत नाही, कौतुकावाचून मात्र सुकतं.