सगुणेच्या कट्ट्यावरची गर्दी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी एक पेठ होती. पेठेच्या मधोमध मोठा चौक आणि चौकात दगडी कट्टे. राजाने दवंडी पिटवली होती, की ज्याच्या अंगी काही कला असेल, त्याने खुशाल कट्ट्यावर चढावं. ज्याला आवडेल त्याने थांबावं, ज्याला आवडणार नाही त्याने पुढे जावं.

मग काय विचारता. कोणी नकला करी, कोणी वडाखाली कथा सांगे, कोणी फेटे बांधून दाखवी, कोणी टक्कल पडू नये म्हणून काय लावावं ते सांगे. सांगणाऱ्याला स्वतःला टक्कल असे, पण लोक ऐकत.

त्याच पेठेत सगुणा नावाची एक बाई राहायची. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. लग्नकार्यांत स्वयंपाक करायचा, हे तिचं काम. नवरा धोंडीराम तिच्याबरोबर पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. दोघांचं पोट भरून वर चार दाणे उरत.

एकदा बाजारात एक नवी सून वांगी घ्यायला आली आणि गोंधळून उभी राहिली. सगुणेने एक वांगं उचललं. "देठ बघावं, बाळ. देठ ताजं, तर वांगं ताजं. नवरा निवडताना असं देठ बघता आलं असतं, तर निम्म्या बायका अजून माहेरीच सुखात असत्या."

आजूबाजूच्या बायका हसल्या. भाजीवालाही हसला. कोणीतरी म्हणालं, "सगुणाबाई, हे कट्ट्यावर चढून सांगा की."

सगुणा चढली. वांग्याचं झालं, मग आमटीचं झालं, मग सासूला न कळता मीठ कसं कमी करावं, ते झालं. ऐकणाऱ्यांचा घोळका वाढत वाढत गेला. आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिच्यासारखा पदर खोचू लागल्या. ती रस्त्याने निघाली, की पोरं मागे धावत.

गर्दी दिसली, की तिथे व्यापारी येतोच. पहिला आला अत्तरवाला.

"बाई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की स्वयंपाक उरकला की मी हाताला याचंच अत्तर लावते."

"म्हणेन. पण मला काय द्याल?"

"अत्तर देईन की. शिवाय तुमचं नाव होईल."

नाव तर आधीच झालं होतं. पण अत्तराचा वास छान होता आणि सगुणेला त्या माणसाने हात जोडले होते. आजवर लग्नघरांत तिला लोक मागच्या दाराने बोलावत. ती हो म्हणाली. मग शालवाला आला, पानदानवाला आला, आरसेवाला आला. लग्नांच्या तिथी आणि बाजाराचे दिवस एकमेकांवर यायला लागले, तेव्हा सगुणेने स्वयंपाकाची कामं सोडली.

काही महिन्यांत तिच्या घराला रूप आलं. कोनाड्यांत अत्तराच्या कुप्या, खुंट्यांवर शाली, भिंतीला आरसे. फक्त कणगीतली ज्वारी तळाला गेली होती.

"आज भाकरी कशाबरोबर खायची?" धोंडीरामने एकदा विचारलं.

"भाकरीच नाही."

"बरं. मग अत्तर लावून झोपू. उपाशी असलो तरी वास तालेवाराचा येईल."

सगुणा हसली. पैसे मिळतच नव्हते, असं नाही. सणासुदीला मसालेवाला मूठभर नाणी द्यायचा. पण त्यातून कट्ट्याचं भाडं जाई, लोक जमवणाऱ्या ढोलकीवाल्याचा वाटा जाई, दिव्यांचं तेल जाई. तेच लुगडं दोनदा नेसलं, तर पुढच्या रांगेतली कोणीतरी मोठ्याने म्हणे, "बाईंकडे दुसरं नाही वाटतं." म्हणून लुगड्यांचेही पैसे जात. सण संपले, की व्यापारी पाठ फिरवत आणि पुन्हा नवरात्राच्या तोंडावर ओळख दाखवत. मधल्या महिन्यांत धोंडीराम चुनाभट्टीवर कामाला जाई, तेव्हा घरात दाणे येत.

हे कुणाला माहीत नव्हतं. चौकातल्या लोकांना गर्दी दिसे आणि गर्दीवरून ते हिशेब करत. "एवढी माणसं जमतात म्हणजे बाई घरात मोहरा पुरत असणार," असं ते म्हणत.

तिचा धाकटा भाऊ मल्हारी दूरच्या खेड्यात तेलाचा घाणा चालवायचा. एक बैल, एक घाणा, बायको आणि दोन पोरं. गावाला त्याच्याच तेलाची सवय होती. तो एकदा बहिणीला भेटायला आला. चौकातली गर्दी बघून तो थक्क झाला. घरातल्या शाली बघून तर तो खाली बसायचंही विसरला.

"आक्का, तू तर राणी झालीस."

खरं सांगायची वेळ ती होती. सगुणेच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. पण माहेरच्या कोणीही तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती शेजारणीकडून डाळ, गूळ, कणीक, तूप उसनं घेऊन आली, भावाला पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "बरं चाललंय रे."

तो परत गेला. इकडे काय झालं, तर चौकाच्या मुकादमाने कट्ट्यांची नवी वाटणी केली. कोणता कट्टा कोणाला द्यायचा, हे त्याच्या मर्जीवर असे आणि मर्जी का फिरली, हे तो कधी सांगत नसे. सगुणेला हत्तीखान्याशेजारचा कट्टा मिळाला. ती फोडणी सांगायला लागली, की हत्ती चीत्कार करी. "आता त्यात हिंग," ती म्हणे आणि पुढचं काही कुणाला ऐकू येत नसे. लोक हसत, पण दोन दिवसांनी दुसऱ्या कट्ट्याकडे वळत. गर्दी निम्मी झाली. व्यापारी लांब उभे राहून डोकी मोजत आणि तेवढाच हात आखडत.

अशातच एका बाजाराच्या सकाळी मल्हारी पुन्हा आला. अंगात मखमली बंडी होती. गाडीत घाणा सुटा करून ठेवला होता आणि गाडीला त्याचा बैल जुंपलेला. बरोबर एक अनोळखी माणूस होता.

"हे कोण?" सगुणेने विचारलं.

"घाण्याचं गिऱ्हाईक. घाणा, बैल, गाडी, सगळं आज देऊन टाकतोय. मला नकला चांगल्या येतात, आक्का. गावात सगळे म्हणतात. मीही कट्टा घेणार."

"आणि तुझी बायको काय म्हणते?"

"रडतेय. मी तिला म्हटलं, आक्काचं घर जाऊन बघ, मग रड."

तो अनोळखी माणूस पैसे मोजायला कमरेची पिशवी सोडू लागला होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझी बोलायची वेळ झाली आहे. आधी ते ऐक. मग तुझा सौदा कर. तेवढं माझ्यासाठी कर."

ती कट्ट्यावर चढली. नशिबाने हत्ती नदीवर गेला होता. समोर नेहमीच्या बायका होत्या, मागे अत्तरवाला उभा होता. आपण आता बोललो, तर हा माणूस पुन्हा दारात येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. बायकाही राहतील की नाही, कोण जाणे. ज्या बाईच्या घरी ज्वारी नाही, तिच्याकडून आमटी कोण शिकेल? तिने पदर खोचला.

"बायांनो, आज मी तुम्हाला माझ्या घरच्या चुलीची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "काल माझ्या घरी काही शिजलं नाही. परवा शिजलं ते माझ्या नवऱ्याने चुना वाहून आणलं. तुम्ही इथे जमता, मला मान देता, त्याने माझं मन भरतं. पण मान जात्यात घालून दळता येत नाही. व्यापारी मला शाली देतात, आरसे देतात. आरशात बघितलं, की उपाशी सगुणा एकीच्या चार दिसतात."

कोणी हसलं नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली आणि सगळ्या हसल्या, पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती.

"मी हे लपवलं," सगुणा म्हणाली. "माझा भाऊ त्यापायी आज त्याचा घाणा विकायला आला आहे. तो बघा, मखमली बंडीवाला."

सगळ्यांनी वळून मल्हारीकडे बघितलं. तो मान खाली घालून बंडीची बटणं चाचपू लागला.

तेवढ्यात शेजारच्या कट्ट्यावरून नकला करणारा तुकडोजी बोलला. त्याच्याकडे सगुणेपेक्षाही जास्त गर्दी असे. "बाई खरं बोलतायत. मी पहाटे लोकांच्या दाढ्या करतो. दाढ्यांवर घर चालतं. नकलांवर ढोलकीवाल्याचं घर चालतं."

"माझंही नाही चालत," ढोलकीवाला म्हणाला. "मी म्हशी राखतो."

मग जणू बांध फुटला. फेटे बांधून दाखवणारा म्हणाला, की आपण सासऱ्याच्या जिवावर आहोत. टकल्या वैद्याने कबूल केलं, की आपण रात्री कोठारावर पहारा देतो. एकेकाचं ऐकून चौक हसून लोळायला लागला आणि सांगणारेही हलके होऊन हसायला लागले.

"पण वडाखालचा कथेकरी?" मल्हारीने विचारलं. "त्याच्या दारात पालखी आहे. ती मी डोळ्यांनी बघितली आहे."

"आहे," तुकडोजी म्हणाला. "तो खरंच श्रीमंत आहे आणि त्याने ते कष्टाने मिळवलं आहे. पण या चौकात कट्टे किती आणि पालख्या किती, तेही बघ की. सगळे त्या एका पालखीकडे बघत कट्टा घेतात."

मल्हारीने गाडीतल्या घाण्यावर हात ठेवला. गिऱ्हाइकाने आपली पिशवी पुन्हा कमरेला बांधली, कारण तो समजूतदार माणूस होता.

सगुणा खाली उतरली, तेव्हा भावाचे डोळे लाल होते. "मी पुरणपोळी खाऊन गेलो, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतास, ती नजर मला घालवायची नव्हती."

मल्हारीने बंडी काढून खांद्यावर टाकली. "ती नजर आहे तशीच आहे, आक्का. एवढ्या लोकांसमोर तू खरं बोललीस. मला तर तिथे शिंकताही आलं नसतं."

अत्तरवाला पुन्हा फिरकला नाही. शालवाल्याने निरोप पाठवला, की उपाशी बाईच्या अंगावर आमची शाल शोभत नाही. पण त्याच आठवड्यात पेठेतला एक तांबट सगुणेकडे आला. "तुम्ही स्वतःबद्दल खोटं बोलला नाहीत, तर माझ्या पातेल्याबद्दलही खोटं बोलणार नाही," तो म्हणाला. "महिनाभर पातेलं वापरा. चांगलं असेल तर चांगलं म्हणा, वाईट असेल तर मला येऊन सांगा. दाम रोख देईन." पातेलं चांगलं निघालं. सगुणेने तसं सांगितलं आणि तांबटाची पातेली खपली.

लग्नघरंही तिला पुन्हा बोलावू लागली आणि आता पुढच्या दाराने. "कट्ट्यावरच्या सगुणाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला आहेत," असं यजमान मिरवून सांगत, आणि त्या मिरवण्याचे चार पैसे सगुणा हसत हसत जास्त घेई. मसाले ती स्वतः कुटून विकायला लागली. रोजच्या गर्दीतल्या मोजक्याच बायका ते घेत, पण दर महिन्याला घेत. बाजाराच्या दिवशी ती कट्ट्यावर चढे, ते आवडीने. धोंडीरामने चुनाभट्टी सोडली. त्यांच्याकडे पालखी कधीच आली नाही. कणगी मात्र भरलेली राहिली.

आणि मल्हारीने घाणा पुन्हा जोडला. मग तो तेल विकता विकता नकला करू लागला, म्हणून पंचक्रोशीतली माणसं वाट वाकडी करून त्याच्याकडेच येत. नकला फुकट, तेलाचे पैसे. बायको पाटलाची नक्कल त्याच्याहून चांगली करते, असं गावात म्हणत.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: गर्दीवरून कुणाची मिळकत ठरवू नये, आणि टाळ्यांच्या ओढीने हातचा पोटाचा धंदा सोडू नये.