मानमोडीचं साल

फार वर्षांमागं डोंगराच्या उतारावर पंधरा घरांची एक वाडी होती. तिथं हौसाक्का नावाची बाई राहायची. त्या दिवसांत घरोघरी कोंबड्या असत. सकाळी डालगं उचललं की अंगणभर पिल्लं पसरत. बाळंतिणीला अंडं मिळे, पाहुण्याला रस्सा मिळे आणि दुकानात अंडी दिली की मीठ-तेल येई. हौसाक्काच्या तर चाळीस कोंबड्या होत्या.

एका उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. कोंबड्या पंख पाडून बसायच्या, मान वाकडी व्हायची आणि दोन दिवसांत खेळ संपायचा. हौसाक्काच्या नऊ कोंबड्या गेल्या. बाकीच्या अजून हिंडत होत्या.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावचा बाजार होता. धडधाकट दिसतायत तोवर विकून टाकू, असं दिरानं सुचवलं. घरात दाणे कमी होते, सून पोटुशी होती. हौसाक्कानं डालगी भरायला घेतली, आणि मध्येच थांबली.

"भाऊजी, मागच्या बाजारातनं आणलेली तलंग कोंबडीच आधी मेली. ती विकणाऱ्यालाबी साथीचं ठाऊक असंल. आता आपण तेच करायचं?"

दिरानं भरलेली डालगी परत मोकळी केली.

तिनं मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल पुरल्या. मग हातपाय धुऊन, लुगडं बदलून ती खाली गेली. वेशीबाहेर उभं राहूनच तिनं सांगितलं, की आमच्या वाडीची कोंबडी कुणी घेऊ नका, वाडीकडं येऊही नका.

वाडीतल्या बायका तिच्यावर चिडल्या. आता त्यांच्याही कोंबड्या कुणी घेईना. महिन्याभरात साथीनं सगळी खुराडी रिकामी झाली. पावसाळा रानभाजीवर निघाला. सून बाळंत झाली, तेव्हा तिला द्यायला घरात एक अंडं नव्हतं. त्या रात्री हौसाक्का चुलीपुढं बसून रडली.

दिवाळीनंतर खालच्या गावच्या बायका डोंगर चढून आल्या. त्यांच्या कोंबड्या वाचल्या होत्या. प्रत्येकीच्या टोपलीत एकेक उबवणीला आलेली खुडूक कोंबडी आणि भुशात ठेवलेली अंडी होती. हौसाक्कानं सगळी आपल्याकडं ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पंधरा घरं हायती," ती म्हणाली. "घरटी एक द्या."

चिडलेल्या बायकांच्या दारात ती स्वतः टोपली घेऊन गेली.

तात्पर्य: आपल्या घरची साथ दुसऱ्याच्या दारात सोडू नये. शेजारी तगला, तरच आपल्या पडत्या दिवसांत हात द्यायला कुणी उरतं.