भावकीच्या ग्रुपावरचं तोंड

“...मग उद्या घाटावर येऊ देऊ का त्येला? तेवढंच सांगा, बाबा.”

जालिंदर उभाच होता. मी त्याच्यासंगं आलो होतो. बस म्हणलं तरी बसंना. लालशा बाबा दर्ग्याच्या पायरीवर लसूण सोलत होता. फकीर झाला तरी कालवणाला लसूण लागतोच.

“कुणाला?”

“दौलूतात्याला. सख्खा चुलता म्हणायची लाज वाटती मला.”

जालिंदरचा बाप वारला होता. उद्या दहावा. आमच्यात दहाव्याला पोरगा घाटावर डोकं भादरायला बसतो, शेजारी मयताचा धाकटा भाऊ बसतो. तीच रीत. आन् हा गडी म्हणतोय, तात्या आला तर पिंडापुढंच हाणीन.

“केलं काय त्यानं?”

जालिंदरनं मोबाईल पुढं केला. भावकीचा ग्रुप. बाप गेल्याची खबर टाकलेली. खाली समद्यांनी हात जोडलेले. आन् मधीच दौलूतात्यानं धाडलेलं एक पिवळं तोंड. बत्तीशी काढून हसतंय. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

“माझा बाप मेला, आन् ह्यो दात काढतोय! विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं भांडण होतं आमचं, म्हणून काय मेल्यावर पण...”

निम्म्या गावानं त्या तोंडाचा फोटो काढून फिरवला होता. जो तो जालिंदरलाच धाडतोय. वर लिहितोय, बघ तुझा चुलता. मी असतो तर एकेकाचा मोबाईल दगडावर आपटला असता.

“दौलूला लिव्हता वाचता येतं?” बाबानं विचारलं.

“सही पण येत न्हाई. पर हसायला काय शाळा लागती व्हय?”

“इचारलंस त्याला?”

“ग्रुपातनं हाकलला. आता कसं इचारू?”

“आरं, घराला घर लागून हाय की तुमचं.”

“तोंड बघणार न्हाई मी त्याचं. ठरलंय आपलं!”

“आन् मोबाईलातलं हे तोंड नऊ दिस बघतोयस.”

जालिंदर पायानं माती उकरत राहिला.

“तुम्ही काय पण सांगा, बाबा. मी सोडणार न्हाई.”

“सोड म्हणलं का मी? आण इकडं. मोठं करून दाव.”

जालिंदरनं फिरून आलेला फोटो काढला, बोटानं ताणून मोठा केला. मोबाईलभर ते एकच तोंड झालं.

बाबानं लसणाचा हात लुंगीला पुसला. मग आपला अंगठा त्या तोंडावर आडवा ठेवला. दात झाकले गेले. वर नुसते डोळे राहिले. आन् पाणी.

“आता बघ.”

जालिंदरनं बघितलं. लई वेळ बघितलं... मला वाटलं, आता रडतोय.

पर न्हाई. पुन्हा डोकं फिरलं.

“आवो, पण अंगठा उचलला की परत हसतंय ते!”

बाबानं मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याचाच अंगठा धरला आन् त्या दातांवर टेकवला.

“मग उचलू नगो.”